मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सिनियर डॉक्टरच्या पदासाठी अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. राउंड संपल्यावर जिन्यात, दोन केसेसच्या मधल्या वेळात, रात्री उशिरा फोनवर ज्युनियर सहकाऱ्यांनी ते विचारलेले आहेत. बहुतेकांची सुरुवात एकच असते : "सर, जरा खासगी बोलायचं होतं." निवड समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. उमेदवार म्हणून एकदा चांगलाच तोंडावर पडलो, ती हकिकत पुढे येईलच.

सिनियर डॉक्टर म्हणजे नेमकं कोण? प्रत्येक जाहिरातीत वेगळंच नाव दिसतं.

नाव देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये आणि तिथली पद्धत उचललेल्या देशांत कन्सल्टंट, अमेरिकेत अटेंडिंग, जर्मनीत ओबरआर्ट्स्ट आणि त्याच्याही वर शेफआर्ट्स्ट, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी रुग्णालयांत स्टाफ स्पेशालिस्ट. एकाच शहरातल्या दोन रुग्णालयांतसुद्धा "सिनियर कन्सल्टंट" आणि "डायरेक्टर" या शब्दांचे अर्थ जुळतील याची खात्री नाही. दारावरची पाटी भलीमोठी आणि एक इंजेक्शन पंप मागवायचा तर तीन सह्या, असे डायरेक्टर मी पाहिले आहेत.

त्यामुळे नावावर जाऊ नका. तीन गोष्टी विचारा. रुग्ण कोणाच्या नावावर दाखल होतो? रात्री दोन वाजता शेवटचा शब्द कोणाचा? आणि काही बिघडलं तर चौकशीत पहिलं नाव कोणाचं येतं? तिन्हींचं उत्तर "तुमचं" असेल तर ते सिनियर पद आहे. फक्त तिसऱ्याचंच उत्तर "तुमचं" असेल, तर त्या जागेच्या वाटेलाही जाऊ नका.

किती वर्षांच्या अनुभवानंतर अर्ज करावा?

जाहिरातीतली वर्षं ही पहिली चाळणी असते आणि ती बहुतेक वेळा एचआरमधला माणूस लावतो, डॉक्टर नाही. आठ वर्षं मागितली आहेत आणि तुमची साडेसात भरतात, तर अर्ज पाठवून वाट बघू नका. फोन करून विचारा. अनेकदा सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

खरी कसोटी वेगळी. गेल्या सहा महिन्यांत "आता मी कोणाला विचारू?" असं किती वेळा वाटलं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत, हे आठवा. विचारण्यात कमीपणा नाही. उलट कधी विचारायचं हे ज्याला कळत नाही त्याला मी सिनियर मानणार नाही. पण रोजच्या केसमध्ये अजूनही कोणाच्या तरी मान हलवण्याची वाट पाहत असाल, तर वर्षभर थांबा. आणखी एक खूण सांगतो. ऑपरेशन किंवा प्रोसिजर न करण्याचा निर्णय तुम्ही स्वतः घेऊन, नातेवाइकांना समजावून, त्यावर ठाम राहिलात असे किमान चार-पाच प्रसंग तुमच्याकडे असायला हवेत. हात चालवायला शिकायला जितका वेळ लागतो, तितकाच हात आवरायला शिकायला लागतो.

मोठ्या शहरात केसेस जास्त, म्हणजे अनुभवही जास्त. बरोबर ना?

इथे पुष्कळजण फसतात. केसेसची संख्या आणि निकाल यांचा संबंध आहे, हे 1979 सालीच हॅरोल्ड लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 1,498 रुग्णालयांतल्या 12 प्रकारच्या शस्त्रक्रियांवरून दाखवलं होतं : काही अवघड शस्त्रक्रिया जिथे जास्त होतात तिथे मृत्यू कमी. पुढे जॉन बर्कमायर यांच्या गटाने असंच नातं सर्जनच्या वैयक्तिक संख्येबाबतही मांडलं. याचा अर्थ तुम्हाला किती केसेस मिळणार हे महत्त्वाचं आहे, शहरात एकूण किती होतात हे नाही.

शहर मोठं असलं की रुग्ण जास्त, पण त्यांना वाटून घेणारी रुग्णालयंही जास्त आणि एका विभागात त्याच पोटशाखेचे चार-पाच जणही आधीपासून बसलेले. लहान गावातल्या रुग्णालयात वर्षाला साठ अवघड केसेस करणारा माणूस शहरात येऊन वर्षाला बारा करतो, आणि त्यातल्या आठ आधीच्या सिनियरच्या वेळात न बसलेल्या. म्हणून मुलाखतीआधी विचारा : गेल्या वर्षी या विभागात ही केस किती झाली, किती जणांनी मिळून केली आणि नव्या माणसाला ओटीचे किती दिवस मिळणार? मोघम उत्तर आलं तर ते उत्तरच समजा.

शहराचे फायदे खरेच आहेत, ते नाकारत नाही. शेजारच्या मजल्यावर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनमध्ये बघत सुई-नळीने उपचार करणारा) असणं, रात्री पॅथॉलॉजीचा फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकड्याची तपासणी) मिळणं, वेगवेगळ्या शाखांच्या एकत्र मीटिंगमध्ये आपल्याला अडवणारं कोणीतरी असणं, याची किंमत एकट्याने काम केलेल्यालाच कळते.

जागा आधीच ठरलेली आहे असं कानावर आलं. तरी अर्ज करू का?

करा. आतला उमेदवार असतो हे निम्म्याहून जास्त वेळा खरंच असतं, असं माझं मत. तो नेहमी निवडला जातोच असं मात्र नाही. आतल्या माणसाचे गुण समितीला माहीत असतात तसे दोषही माहीत असतात, आणि बाहेरच्याचे फक्त गुण कागदावर आलेले असतात. शिवाय मोठ्या शहरात डॉक्टरांचं जग बोटावर मोजण्याइतकं लहान असतं. आज दुसरा आलेला उमेदवार सहा महिन्यांनी दुसरी जागा निघाली की सगळ्यांना आठवतो. मला माझी सध्याची जागा अशीच मिळाली.

एकच पथ्य पाळा. "तुमचं आधीच ठरलंय म्हणे" हे मुलाखतीत, थट्टेतसुद्धा, बोलू नका.

अर्ज करण्याआधी जाऊन भेटणं योग्य दिसतं का? वशिला लावतोय असं वाटेल.

वशिला वेगळा आणि भेट वेगळी. कोणाकडून शब्द टाकवणं हा वशिला. विभागप्रमुखांना दोन ओळींचा ईमेल करून "पद समजून घ्यायला अर्धा तास मिळेल का?" असं विचारणं हे रीतसर आहे, आणि ब्रिटनसारख्या ठिकाणी तर ते जवळपास अपेक्षितच असतं.

भेटीत विभागप्रमुख काय सांगतात ते ऐका, पण खरी माहिती दुसरीकडे मिळते. वॉर्डच्या सिस्टरना विचारा की संध्याकाळचा राउंड कोण घेतं. रजिस्ट्रारना, म्हणजे हाताखालच्या ज्युनियर डॉक्टरांना, विचारा की रात्री सिनियरला फोन केला तर पलीकडून आवाज कसा येतो. आधीचा माणूस का गेला, हे विचारायला लाजू नका. एकाच जागेवरून तीन वर्षांत दोघं गेले असतील, तर दोघांनाही गाठून बोला. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच. आणि भूलतज्ज्ञांशी बोला. रुग्णालयात कोण कसं काम करतं हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलेलं नसतं.

सीव्ही किती पानांचा असावा?

समितीतला डॉक्टर तुमचा सीव्ही पहिल्यांदा उघडतो तो ओपीडी संपवून, शिणलेल्या डोळ्यांनी, गठ्ठ्यातला तिसावा म्हणून. पहिलं पान वाचून त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : तुम्ही आज काय करता, कोणाच्या मदतीशिवाय करता आणि या विभागात जे नाही ते काय आणणार. बाकीची पानं संदर्भासाठी. चार-पाच पानं पुरतात; लॉगबुक आणि शोधनिबंधांची यादी वेगळी जोडा.

कॉलेजमधली वक्तृत्वस्पर्धा, 26 कार्यशाळांची उपस्थिती, "टीम प्लेअर" असं स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र, हे काढून टाका. असिस्ट केलेल्या केसेस आणि स्वतः केलेल्या केसेस यांची बेरीज करून एकच गलेलठ्ठ आकडा लिहू नका. ओटी रजिस्टर काढून बघणं कोणालाही अवघड नसतं, आणि एकदा एक आकडा फुगवलेला सापडला की उरलेल्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

सोबतचं पत्र एका पानाचं. त्यात सीव्ही पुन्हा सांगू नका. हीच जागा का, एवढंच लिहा. तेच पत्र दुसऱ्या रुग्णालयाचं नाव घालून पाठवता येत असेल तर ते फाडून पुन्हा लिहा. आणि नाव बदलायला विसरू नका. असं पत्र दर वर्षी एक तरी येतंच.

स्वतःचे निकाल कसे मांडावेत? कॉम्प्लिकेशन्स लपवाव्यात की दाखवाव्यात?

आता माझी हकिकत. पहिल्यांदा सिनियर पदासाठी मुलाखतीला गेलो तेव्हा एका विशिष्ट शस्त्रक्रियेबद्दल मी छाती काढून सांगितलं, "माझ्या हातून एकही मृत्यू नाही." समितीतल्या भूलतज्ज्ञ बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "किती केसेसमध्ये?" मी म्हणालो, "42." त्या म्हणाल्या, "मग तुमचा खरा मृत्युदर सात टक्के असू शकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं. जागा गेली.

त्यांनी लावलेला हिशेब साधा आहे आणि 1983 सालापासून वैद्यकीय वाचनात आहे. एखादी घटना एकदाही घडली नसेल, तर तिच्या खऱ्या दराची 95 टक्के विश्वासाची वरची मर्यादा ढोबळमानाने तीन भागिले केसेसची संख्या इतकी असते. 42 केसेसमध्ये शून्य म्हणजे वरची मर्यादा सुमारे सात टक्के. 300 मध्ये शून्य म्हणजे एक टक्का. शून्य हा आकडा लहान संख्येत फार काही सांगत नाही. तो छाती काढण्याजोगा तर मुळीच नाही.

म्हणून आकडा द्याल तेव्हा छेदासकट द्या, म्हणजे एकूण कितीपैकी ते सांगून. किती केसेस, कोणत्या काळात, सलग की निवडक, किती जणांचा पाठपुरावा सुटला. रुग्ण किती आजारी होते हेही सांगा, कारण जोखीम न सांगता दिलेला मृत्युदर दोन्ही बाजूंनी फसवतो. न्यूयॉर्क राज्याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बायपास शस्त्रक्रियेचे मृत्युदर जोखमीनुसार जुळवून जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हापासून एक वाद चालू आहे : आकडा चांगला राहावा म्हणून सर्जन अवघड रुग्ण नाकारतात का? समितीलाही तुमच्याबद्दल हाच संशय असतो, तो बोलून दाखवत नाहीत इतकंच. नाकारलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवली असेल तर ती सांगा; असा उमेदवार मी आजवर दोनदाच पाहिला आणि दोघांनाही घेतलं.

कॉम्प्लिकेशन्स "किरकोळ" आणि "गंभीर" अशा स्वतःच्या मनाने वाटू नका. शस्त्रक्रियेत असाल तर क्लेव्हियन-डिंडो वर्गीकरण वापरा. त्यात रुग्णाला त्यासाठी काय उपचार करावे लागले यावरून पायऱ्या ठरतात, तुम्हाला किती वाईट वाटलं यावरून नाही. शस्त्रक्रियेबाहेरच्यांना आकडे नाहीत असं समजू नका. हृदयविकाराच्या झटक्यात दारापासून बलूनपर्यंतचा वेळ (रुग्ण दारात आल्यापासून बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडेपर्यंत), आयसीयूत पुन्हा दाखल होणारे रुग्ण, बदललेले रेडिओलॉजी रिपोर्ट, सगळं मोजता येतं. रुग्णाची ओळख पटेल असं काही मात्र कागदावर येता कामा नये.

आणि हो, दाखवा. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट या संदर्भात सांगावीशी वाटते. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं हे शेवटपर्यंत पाहावं आणि ते जाहीर करावं, असा त्यांचा आग्रह. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेवर मिळते याच्या निषेधार्थ त्यांनी 1914 मध्ये राजीनामा दिला, आणि मग लगेच मुख्य सर्जनच्या पदासाठी स्वतःच मागणी केली : माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत, हे कारण देऊन! अर्थातच पद मिळालं नाही. पण त्यांनी स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या 1911 ते 1916 मधल्या 337 रुग्णांची माहिती छापली आणि त्यात 123 चुका स्वतःहून नोंदवल्या. समितीत बसल्यावर मला मुख्य सर्जनपद मागणाऱ्या कॉडमनपेक्षा हा 123 चुका मोजणारा कॉडमन हवासा वाटतो. सिनियर माणसाचा हात चांगला असतो हे धरूनच चालतो आम्ही. त्याची नजर स्वतःवर फिरते का, हे पाहायचं असतं.

माझे शोधनिबंध कमी आहेत. दार बंद समजू का?

अध्यापन रुग्णालय असेल तर अडचण आहे, खोटं कशाला सांगू. काही ठिकाणी ठराविक संख्या नियमातच असते, आणि तिथे समितीची इच्छा असली तरी काही करता येत नाही. जिथे नियम नाही तिथे दोन चांगले लेख वीस भरताडांपेक्षा बरे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची नावं समितीतल्या एकाला तरी माहीत असतातच.

यादीतल्या प्रत्येक लेखात तुम्ही स्वतः काय केलंत ते तोंडपाठ ठेवा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत, आणि नुसते रुग्ण दिले किंवा विभागप्रमुख होतो म्हणून नाव लागलं, हे त्यांत बसत नाही. "या लेखात नमुन्याची संख्या कशी ठरवली?" या एका प्रश्नावर अख्खी यादी कोसळताना मी पाहिली आहे. एकाच नावाचे अनेक डॉक्टर असतात, तेव्हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी ऑर्किड (ORCID) क्रमांक घेऊन ठेवा, फुकट आहे.

रेफरन्स कोणाचे द्यावेत?

मोठ्या नावाच्या माणसाचं कोमट पत्र कामाचं नाही. तुम्हाला रात्री काम करताना पाहिलेला सिनियर द्या आणि तुमच्या शाखेबाहेरचा एक द्या. नाव देण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा, "माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहाल का?" समोरचा क्षणभर अडखळला तर आभार मानून दुसरं नाव शोधा. आणि एक लक्षात असू द्या, तुम्ही दिलेल्या तीन नावांपलीकडे चौथा फोन जातोच. तो कोणाला जाईल हे तुमच्या हातात नसतं.

कागदपत्रांना किती वेळ लागतो?

वाटतो त्याच्या दुप्पट. मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (तुमची नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई नाही याचा दाखला) अनेकदा ठराविक मुदतीपुरतंच ग्राह्य धरतात आणि काही ठिकाणी ते एका कौन्सिलकडून थेट दुसऱ्या कौन्सिलकडेच जावं लागतं, तुमच्या हातून नाही. पदव्यांची मूळ विद्यापीठाकडून पडताळणी होते. विद्यापीठ दुसऱ्या देशात असेल तर महिने जातात. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल, तर त्याचा अधिकृत पुरावा आधीच जोडा. या एका गोष्टीने जितक्या नेमणुका लटकलेल्या पाहिल्या तितक्या दुसऱ्या कशाने नाहीत.

नेमणूक आणि प्रिव्हिलेजेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांना रुजू झाल्यावर कळतं. नेमणूकपत्र म्हणजे तुम्ही इथे नोकरीला आहात. प्रिव्हिलेजेस म्हणजे कोणत्या प्रोसिजर तुम्हाला इथे करता येतील. दुसरी यादी लेखी, केसनिहाय मागून घ्या, आणि सुरुवातीच्या किती केसेस कोणाच्या देखरेखीखाली करायच्या हेही. "ते नंतर बघू" म्हणजे पहिले तीन महिने तुम्ही ओपीडी चालवणार.

मुलाखतीत काय विचारतात?

आता बऱ्याच ठिकाणी सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तरांना आधी ठरलेल्या पट्टीवर गुण, अशी पद्धत असते. कोरडी वाटते, समोरचे हसत नाहीत, पण ती न्याय्य आहे. माणूस पुढे कसं काम करेल हे गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अशा बांधेसूद मुलाखतीतून बरं कळतं, हे निवडीवरच्या कित्येक दशकांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. तेव्हा कोणी मान डोलावली नाही म्हणून खचू नका.

क्लिनिकल प्रश्न थोडेच असतात. बाकीचे तीन-चार ठिकाणी फिरतात. ज्युनियरकडून चूक झाली तेव्हा काय केलंत? व्यवस्थापनाने खर्च कापायला सांगितला तर? सहकाऱ्याचे निकाल बिघडताहेत असं दिसलं तर?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. "मी आधी त्याच्याशी बोलेन" इतक्यावर थांबलेलं उत्तर अपुरं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात काय झालं ते वाचून जा. 1988 मध्ये तिथे रुजू झालेल्या स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाला लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त वाटले. त्यांनी आकडे गोळा केले, वरिष्ठांना सांगितलं, आणि वर्षानुवर्षं कोणी मनावर घेतलं नाही. सार्वजनिक चौकशीचा अहवाल यायला 2001 साल उजाडलं. तोवर ते ऑस्ट्रेलियात निघून गेले होते. त्यामुळे उत्तरात पायऱ्या हव्यात : आधी आकडे तपासणं, मग त्या सहकाऱ्याशी बोलणं, मग विभागप्रमुख, तिथे दाद लागली नाही तर वैद्यकीय संचालक, आणि दरम्यान रुग्ण सुरक्षित राहावेत म्हणून तात्पुरतं काय. हे करताना भीती वाटेल, असंही म्हणालात तरी चालेल. मला तरी ते खरं वाटतं.

"तुम्ही कोणती सुधारणा घडवून आणलीत?" हा हमखास येणारा. "चेकलिस्ट सुरू केली" एवढं सांगून थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट 2008 ची. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोत 101 रुग्णालयांनी ती लागू केली, तेव्हा 2014 मध्ये छापलेल्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. खुणा केल्या म्हणजे काम झालं असं नसतं. तेव्हा काय बदललं, किती बदललं, वर्षाने तपासलंत तेव्हा ते टिकलं होतं का, आणि कोणी विरोध केला, हे सांगा. फसलेला प्रयोग नीट सांगितला तर तोही चालतो.

माझ्यावर जुनी तक्रार आहे. मध्ये दोन वर्षांचा गॅपही आहे. सांगू का?

विचारलं नाही तरी तक्रार सांगा, आणि अर्जातच सांगा. काय घडलं, निकाल काय लागला, त्यानंतर तुम्ही काय बदललंत. चार ओळी बस झाल्या. सोडवलेली तक्रार हा फार मोठा अडसर नाही. लपवलेली तक्रार सापडली तर मात्र नेमणूक झाल्यानंतरही जाते. चालू खटल्याबद्दल किती बोलायचं हे आधी वकिलांना विचारून घ्या.

गॅपचं कारण एका वाक्यात : मूल, आजारपण, घरची जबाबदारी. ओशाळवाणं होऊन खुलासे देऊ नका. त्यानंतर हात पुन्हा कसा बसवलात, ते सांगा.

पगाराचं बोलणं कधी आणि कसं काढावं?

होकार येईपर्यंत आकडा काढू नका; होकार आल्यावर भीड बाळगू नका. आपण डॉक्टर रुग्णाशी स्पष्ट बोलतो आणि स्वतःच्या मोबदल्याची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते.

सरकारी ठिकाणी वेतनश्रेणी ठरलेली असते. तिथे वाटाघाट होते ती आधीच्या सेवेची वर्षं धरण्यावर. खासगी ठिकाणी तीन ढोबळ प्रकार : पक्का पगार, केसमागे वाटा, किंवा काही महिन्यांची मिनिमम गॅरंटी आणि नंतर वाटा. तिसऱ्या प्रकारात गॅरंटीचा आकडा सगळे बघतात आणि ती संपल्यावरचं पान कोणी उलटत नाही. गॅरंटी संपेल तेव्हा तुमच्याकडे पुरेसे रुग्ण असतील का, नव्या रुग्णांचं वाटप कोण करतं, वाटा एकूण बिलावर की वजावटीनंतर, आणि विमा कंपनीचे पैसे अडकले तर कोणाचे अडकले? हे चार प्रश्न लेखी सोडवून घ्या.

पगारापेक्षा वेळेसाठी भांडा, असा माझा सल्ला. ओटीचा एक हक्काचा दिवस किंवा शिकवायला मोकळी दुपार नंतर मिळत नाही. पगार पुढे वाढवून घेता येतो.

करारात काय बघावं?

बाहेर पडण्याची कलमं आधी वाचा. नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? सोडून गेल्यावर ठराविक काळ, ठराविक अंतरात काम करायचं नाही अशी अट आहे का? मोठ्या शहरात अशा अटीचा अर्थ कधी कधी शहर सोडा असाच होतो. ती कायद्याने टिकते की नाही हे जागेनुसार वेगळं असतं, वकिलाला दाखवा.

इंडेम्निटी विमा, म्हणजे रुग्णाने दावा लावला तर भरपाई भरणारा विमा, कोणत्या जातीचा हे विचारा. एका प्रकारात घटना ज्या काळात घडली तेव्हा विमा चालू असला की पुरतं. दुसऱ्यात दावा दाखल होईल त्या दिवशीही तो चालू असावा लागतो. म्हणजे नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी नोटीस आली तर तुम्ही उघड्यावर. त्यासाठी सोडल्यानंतरचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे कोण भरणार हे रुजू होण्याआधी ठरवायचं. सोडताना विचारलंत तर उत्तर तुम्हीच, हे उघड आहे.

ऑन-कॉलसाठी घर किती लांब चालेल?

नकाशावरचं अंतर विसरा. किती मिनिटांत पोहोचायचं ते आधी विचारा, आणि ती मर्यादा लेखी कुठे आहे तेही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या निकषांनुसार पहिल्या आणि दुसऱ्या स्तराच्या ट्रॉमा सेंटरमध्ये (अपघातातल्या जखमींसाठीच्या केंद्रात) अतिगंभीर रुग्णासाठी सर्जन 15 मिनिटांत हजर हवा. बऱ्याच इतर सेवांत 30 मिनिटं धरतात. मग संध्याकाळी सहा वाजता आणि पावसात एकदा स्वतः गाडी चालवून बघा. घराचा प्रश्न सुटत नसेल तर ऑन-कॉलच्या रात्री झोपायला खोली मिळेल का विचारा. ती खोली जाऊन बघा.

दुसऱ्या दिवशीचं कामही विचारा. रात्रभर जागून सकाळी नऊला ऑपरेशनची पूर्ण लिस्ट चालवायची पद्धत असेल, तर पन्नाशीत ते झेपणार आहे का? जागा दहा-पंधरा वर्षांसाठी घेताय.

सध्याच्या ठिकाणी कधी सांगू?

रेफरन्स मागण्याच्या आदल्या दिवशी, तुमच्या विभागप्रमुखांना, तोंडी. आधी सांगाल तर ड्यूटी लिस्टमध्ये फरक पडतो. नंतर सांगाल तर त्यांना बाहेरून कळतं आणि ते फार वाईट. राजीनामा मात्र सही झालेलं नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय देऊ नका. फोनवरचा होकार, "फक्त औपचारिकता उरली आहे" हा ईमेल, यांवर नोकरी सोडलेला एक चांगला डॉक्टर पाच महिने घरी बसलेला मला माहीत आहे. त्या रुग्णालयाचं बजेट मधल्या काळात बदललं होतं.

नकार आला. कारण विचारावं का?

विचारा, पण आठवडाभर थांबून, आणि "मी का नाही?" असं न विचारता "पुढच्या वेळी काय वेगळं करू?" असं विचारा. एचआरला नाही, समितीतल्या डॉक्टरांपैकी कोणाला तरी. दहा मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते पत्रात कधीच येत नाही.

मी त्या भूलतज्ज्ञ बाईंनाच फोन केला होता. त्या म्हणाल्या, "केसेस वाढवा आणि छेद लिहीत चला." पावणेदोन वर्षांनी त्याच रुग्णालयात दुसरी जागा निघाली. त्या वेळी माझ्या तक्त्यात 118 केसेस, दोन मृत्यू आणि नाकारलेले 11 रुग्ण होते. या वेळी त्यांनी आकड्यांबद्दल काहीच विचारलं नाही. नाकारलेल्या 11 जणांचं पुढे काय झालं, एवढंच विचारलं.